मे महिन्यातली इंटर्नशिप आणि बंद कोर्ट

विद्यार्थी मित्रहो, इंटर्नशिप म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती आठवडे भरले?" बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांत उत्तर आहे : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20. पण त्याच नियमात पुढं म्हटलंय, की एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त इंटर्नशिप करता येत नाही, आणि ट्रायल व अपिलाचं काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं. त्यामुळे शेवटच्या उन्हाळ्यात सलग बारा आठवडे उरकायचा बेत जमत नाही. सगळे आठवडे कंपनीच्या लीगल विभागात काढले, तरी अट अपुरीच राहते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. तुम्ही मोकळे होता मे महिन्यात आणि दिवाणी न्यायालयांची उन्हाळी सुट्टीही तेव्हाच. सुट्टीत फक्त तातडीची कामं चालतात, मग साक्षीपुरावा बघणार कुठं? म्हणून कामाची विभागणी करा. मे महिन्यात ऑफिसात बसा. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या 100 गुणांच्या पेपरात, नियमाप्रमाणे पक्षकाराच्या दोन मुलाखती बघून त्यांची नोंद करायची असते, त्याला 15 गुण. कागदपत्रांची तयारी आणि दाखल करण्याची पद्धत बघायला आणखी 15. खटल्याचं निरीक्षण, म्हणजे एक दिवाणी आणि एक फौजदारी, मिळून 30 गुणांचं, ते कोर्ट चालू असताना करा. उरलेले 30 मूट कोर्टाचे (म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्याचे) आणि 10 तोंडी परीक्षेचे.

दिवाणी दावा चार आठवड्यांत सुरुवातीपासून निकालापर्यंत दिसत नाही, ती अपेक्षाच सोडा. वकीलसाहेबांकडे उलटतपासाला आलेली एक फाइल मागा. कोर्टात जाण्याआधी दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), कोर्टानं काढलेले वादाचे मुद्दे आणि सरतपासाचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूनं घेतलेल्या पहिल्या तपासाचं) प्रतिज्ञापत्र, याच क्रमानं वाचा. दिवाणीत सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो, तो कोर्टात ऐकायला मिळत नाही. ते न वाचता मागच्या बाकावर बसलात, तर उलटतपासातला एकेक प्रश्न कशासाठी विचारला हे कळणार नाही. बहुतेकांचं निरीक्षण इथंच वाया जातं. फौजदारीत सरकारी साक्षीदाराचा सरतपास तुमच्यासमोर होतो. त्याचा पोलिसांपुढचा जबाब आधी वाचलेला असला, की बचावाचे वकील विसंगती कुठं पकडतायत ते लगेच दिसतं. गुन्हा 1 जुलै 2024च्या आधी घडला असेल, तर त्याला भारतीय दंड संहिताच लागू, हेही ध्यानात असू द्या. टिपणात त्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेची कलमं टाकून सीनियरपुढं फजिती होते.

आता डायरी. "आज कोर्टात गेलो, पुढची तारीख पडली" अशा नोंदीचा काडीचा उपयोग नाही. दावा क्रमांक, टप्पा, अर्ज कोणत्या निशाणीवर (कागदाला कोर्टानं दिलेल्या क्रमांकावर), 'से' म्हणजे अर्जावरचं समोरच्या पक्षाचं म्हणणं आलं की नाही, मुदत कुणी मागितली, कारण काय दिलं, आदेश काय झाला, हे लिहा. तारीख का पडली हाच अनेकदा त्या दिवसाचा धडा असतो. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 सांगतो. मग चौथी कशी मिळाली, हे वकीलसाहेबांना विचाराच. संध्याकाळी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून त्या दिवसाचं कामकाज बघा आणि आपल्या नोंदीशी ताडून पाहा. फरक पडला तर बहुधा तुम्हीच काहीतरी ऐकायचं राहिलेलं असतं.

ऑफिसातल्या मुलाखतींची नोंद मात्र वेगळ्या हातानं करा. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय असते, आणि तुमची डायरी कॉलेजात अध्यापकांच्या हाती जाते. नाव, गाव, सर्व्हे नंबर काही नको. "वाटपाच्या वादातली एक बहीण" एवढं पुरे. फाइलच्या पानांचे मोबाइलवर फोटो तर अजिबात काढू नका.

वकीलसाहेबांची सही दर आठवड्याला घ्या. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईनं भरलेली डायरी परीक्षक पान उलटताच ओळखतात आणि तोंडी परीक्षेत नेमकं मधलंच पान उघडून विचारतात, "या दिवशी साक्षीदार हजर होता, मग उलटतपास का झाला नाही?"