एका पिशवीतल्या गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

मी भुसावळची, वय 67. साखरेला 19 वर्षं झाली. तिच्या पाठोपाठ बीपी आलं, मधेच कधीतरी थायरॉईड, आणि गुडघे तर जिना दिसला की कुरकुरतात. सकाळी ओट्यावर गोळ्यांचे पत्ते मांडले की शेजारच्या आक्का म्हणतात, ‘काय वं माय, मेडिकल टाकं का घरमा?’

एकेका आजाराशी माझं जमतं. पण सगळ्यांना एका घरात नांदवायचं म्हणजे सासवा-सुना परवडल्या! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, वर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं, ‘सकाळी एक’. मी दोन्ही एकाच घोटात घ्यायची. थायरॉईडचा रिपोर्ट काही जागचा हलेना, डोस मात्र वाढत गेला. कॅल्शियम जवळ असलं की ती गोळी पोटात नीट शोषली जात नाही, दोन्हींत 4 तासांचं अंतर लागतं, हे मला फार उशिरा कळलं. कुणी विचारलंच नव्हतं ना, बाई, तुम्ही आणखी काय घेता म्हणून.

दुसरा प्रसंग मे महिन्यातला. आपल्याकडचा मे तुम्हाला काय सांगायचा, पारा 45 ला टेकलेला. लग्नात उभं राहून गुडघे सुजले. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि चांगल्या आठवडाभर घेतल्या. बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी होतीच, त्यात उन्हाने अंगातलं पाणी आटलेलं. तिन्ही मिळून किडनीवर आलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलं. वेळीच तपासलं म्हणून उतरलं. ही चूक माझीच.

आता कुठल्याही दवाखान्यात जाताना सगळे पत्ते, अगदी चूर्णाची पुडीसुद्धा, कापडी पिशवीत घालून नेते आणि टेबलावर ओतते. एकदा त्यातून एकच औषध दोन वेगळ्या नावांनी निघालं. डॉक्टर कधी वैतागतात. वैतागू देत. मनाने मात्र कुठलीच गोळी बंद करत नाही.

खाण्याचं म्हणाल, तर भरीत आणि कळण्याची भाकरी खाते. पापड-बिबड्या मिठासाठी कमी केल्या. किडनी बिघडली तेव्हा केळ्यातलं पोटॅशियम तिला झेपेना, म्हणून केळं बंद झालं होतं. केळीच्या मुलखात राहून! आता अर्धं चालतं. भाऊ रावेरहून अख्खा घड पाठवतो, तो आक्कांकडे जातो.