अपघात बॅलन्सवरच ठरतो

मंडळी, पत्रिकेत विषय ‘मायक्रोवेव्ह डायजेशन: व्हेसल सुरक्षित कसं उघडावं’ असा छापला आहे. डायजेशन म्हणजे व्हेसल या बंद भांड्यात नमुना आम्लासह तापवून विरघळवणं. उघडण्याकडे येतोच. पण आधी बॅलन्सपाशी, म्हणजे नमुना तोलायच्या काट्यापाशी थांबू, कारण व्हेसलचं काय होणार हे पुष्कळदा तिथेच ठरून गेलेलं असतं.

विरघळलेल्या नमुन्यात एखादा घटक किती हे मोजताना निघणाऱ्या एका वाक्याशी भांडण आहे: ‘रीडिंग कमी येतंय, नमुना जरा जास्त घेऊ.’ जरा म्हणजे किती, तर 0.5 ग्रॅमचा सरळ 1 ग्रॅम! माती असेल तर एक वेळ निभावेल, तिच्यात जळण्याजोगं थोडंच असतं. तेलाचं गणित मांडून बघा. अर्ध्या ग्रॅम तेलात साधारण 0.38 ग्रॅम कार्बन. त्या सगळ्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तर 80 मिली मोकळ्या जागेत 200 अंश सेल्सिअसला त्या एकट्याचा दाब 15 बारच्या वर जातो. नायट्रिक आम्लाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड अजून धरलेलेच नाहीत. वजन दुप्पट केलं की वायू दुप्पट, हे झालंच. खरी धास्ती वेगाची. अभिक्रियेतून उष्णता निघते, उष्णतेने अभिक्रिया आणखी पेटते. अशा वेळी मशीन मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी सोडणारा भाग, बंद करतं, पण आतला जाळ त्याच्या हातात नसतो.

म्हणून अनोळखी सेंद्रिय नमुना 0.1 ग्रॅमपासून सुरू करायचा. आम्ल हळूहळू, भिंतीला चिकटलेले कण खाली धुवत घालायचं आणि व्हेसल फ्यूम हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून नेणाऱ्या कपाटात, निदान 15 मिनिटं उघडं ठेवायचं. फेस आणि तपकिरी धूर थांबल्याशिवाय झाकण नाही. रीडिंगच वाढवायचं असेल तर शेवटी 50 ऐवजी 25 मिलीपर्यंत भरा, स्टँडर्डमध्येही (तुलनेसाठीच्या ज्ञात द्रावणात) आम्ल तेवढंच ठेवा आणि ब्लँक (नमुन्याशिवाय नुसतं आम्ल) स्वच्छ करा. ब्लँकच घाण असेल तर नमुना वाढवून किती वाढवणार?

जाता जाता: लायनर, म्हणजे व्हेसलमधलं टेफ्लॉनचं आतलं भांडं, लवकर वाळावं म्हणून ॲसिटोन किंवा अल्कोहोल फिरवणारे हुशार लोक असतात. त्याचा अंश राहिला आणि वर गाढं नायट्रिक पडलं, तर डायजेशन ओव्हनच्या बाहेरच सुरू होतं.

आणि सेन्सर! आतला तापमान सेन्सर बऱ्याच यंत्रणांत एकाच व्हेसलमध्ये असतो. तो ब्लँकमध्ये घालणं म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत गरीब मुलाकडे बघून वर्ग शांत आहे म्हणणं. ब्लँक थंड, म्हणून मशीन पॉवर वाढवतं आणि शेजारचे अकरा उकळत बसतात. सेन्सर सर्वांत तापट नमुन्यात हवा. एका फेरीत नमुन्याचा प्रकार, वजन, आम्ल आणि आकारमान एकच, मांडणी समतोल.

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा उघडण्याबद्दल भराभर. बाहेरून 50 अंश दिसले तरी आत जास्त असतं. टेफ्लॉन उष्णता सहज सोडत नाही. थांबा. मग फ्यूम हूडमध्येच, व्हेंटचं (वायू सोडायच्या वाटेचं) तोंड स्वतःकडे न ठेवता, दाब हळूहळू सोडा. तपकिरी धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनीही उफाळतो. ‘आत्ता बरं वाटतंय’ यावर जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लायनर आणि बाहेरचं कवच यांमध्ये आम्लाचा थेंब राहिला तर तिथेच तापून कवच भाजतं. लायनरची कड वाकडी झाली, ओरखडे किंवा फुगवटा दिसला की ते बाद. रप्चर डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) कंपनीची, त्याच व्हेसलसाठीची. दोन एकावर एक घालू नका.

सल्फ्युरिक उकळतं सुमारे 337 अंशांना, टेफ्लॉन वितळतं 327 ला, त्यामुळे नुसतं सल्फ्युरिक नको. बंद व्हेसलमध्ये परक्लोरिक नाहीच. हायड्रोफ्लोरिक असेल तर काचेची भांडी दूर, आणि कातडीवर पडलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी. एरवी ते कपाटात कुलूपबंद असतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. घरगुती ओव्हनबद्दल विचारणारा हात मागे वर झालेला दिसतोय. नाही.