गार्देलला उठवायला गेलेला पोरगा

नमस्कार श्रोतेहो. आज टँगोबद्दल. सिनेमातला, दातांत गुलाब धरून नाचायचा प्रकार आधी डोक्यातून काढून टाका.

टँगो वाढला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अर्जेंटिनाचं ब्यूनस आयर्स आणि उरुग्वेचं माँटेव्हिडिओ या दोन बंदरांतल्या गरीब वस्त्यांत. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे ठेके, क्यूबाकडून आलेला हाबानेरा नावाचा नाचाचा ठेका, आणि बोटी भरभरून उतरलेले इटालियन, स्पॅनिश मजूर. लक्षात ठेवा, बंदर, गरिबी आणि परगावची माणसं. तिथले घरंदाज लोक नाकं मुरडत. मग १९१३ च्या सुमारास पॅरिस टँगोवर भाळलं आणि तो त्याच घरंदाजांच्या दिवाणखान्यात आला. बाहेरच्यानं वाखाणल्याशिवाय घरचं गोड लागत नाही, हा रोग आपल्याला एकट्यालाच नाही.

टँगोचं वाद्य बँडोनियन. मूळचं जर्मन, भाता आणि पत्त्या असलेलं, म्हणजे आपल्या पेटीच्याच कुळातलं. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती. मला विचाराल तर तो शुद्ध हट्ट होता. असो, ते परत कधीतरी.

आता मला खरं जे सांगायचंय ते. साल १९३४, न्यूयॉर्क. टँगोचा सर्वांत लाडका गायक कार्लोस गार्देल चित्रपटांसाठी तिथं आलेला. त्याच शहरात एक अर्जेंटिनी न्हावी राहायचा, गार्देलवर जीव टाकणारा. त्यानं लाकडात गिटार वाजवणारा गाउचो, म्हणजे तिकडचा गुराखी, कोरला आणि तेरा वर्षांच्या पोराला म्हणाला, जा, देऊन ये. पोरगा पोचला तर दाराशी एक गृहस्थ दुधाची बाटली घेऊन उभे. गार्देलच्याच मंडळींपैकी, पण किल्ली नव्हती! ते म्हणाले, बाळा, त्या बाहेरच्या लोखंडी जिन्यानं चढ आणि गार्देलला उठव. पोरगा चढला, खिडकीतून आत शिरला आणि भलत्यालाच हलवून उठवलं. तो होता गार्देलचा गीतकार ले पेरा. तो खवळला. गार्देल मात्र उठला तो हसतच. पोराची त्याच्याशी अशी गट्टी जमली की चित्रपटात पेपर विकणाऱ्या मुलाचं छोटं काम मिळालं. पोरगा बँडोनियनही वाजवायचा. ते ऐकून गार्देल म्हणाला, वाजवतोस झकास, पण टँगो अगदी स्पॅनिश माणसासारखा वाजवतोस!

पुढच्या वर्षी गार्देल दौऱ्यावर निघाला. पोराला चल म्हणाला. बाप म्हणाला, नाही, अजून लहान आहे. २४ जून १९३५ ला कोलंबियात मेदेयीनच्या विमानतळावर अपघात झाला. गार्देल गेला, ले पेराही गेला. पोरगा वाचला. तो आस्तोर पियाझोला, पुढचा टँगोचा मोठा संगीतकार. पुढं तो म्हणायचा, गेलो असतो तर आज बँडोनियनऐवजी स्वर्गात देवदूतांसारखा हार्प वाजवत असतो.

बाकीचं थोडक्यात. १९३५ ते ५५ टँगोचा सुवर्णकाळ. १९५५ मध्ये अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष पेरॉन याची सत्ता उलथली, मागोमाग रॉक आलं आणि नाचघरं ओस पडत गेली. पियाझोलानं बसून ऐकायचा टँगो रचला, तर जुने रसिक म्हणाले, हा टँगोच नव्हे! १९८३ मध्ये पॅरिसमध्येच एक नृत्यप्रयोग गाजला आणि जगभर पुन्हा लाट आली. २००९ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली.

आता ऐकू या पियाझोलानं १९५९ मध्ये रचलेली धून. दौऱ्यावर असताना त्याला बातमी आली, वडील गेले. तोच तो न्हावी.