आजीची पाटली आणि ९.७१

पुण्यात सोन्या मारुती चौकातून जरा आत वळलं की सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढून देणारी छोटी दुकानं लागतात. काउंटरवर आजीची जुनी पाटली आहे. दुकानातले काका ती मशीनच्या बारीकशा खिडकीवर पालथी ठेवतात, झाकण लावतात आणि मग मिनिटभर काहीच नाही, नुसती पंख्याची घरघर. ना कसोटी ना भट्टी, तरी स्क्रीनवर आकडे हजर, सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी.

मशीनला कळलं कसं?

तर होतं असं की खालून एक्स-रे पाटलीवर आदळतात आणि अणूतल्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात, आत जागा रिकामी झाली की वरच्या कक्षेतला कोणीतरी लगेच खाली येऊन बसतो (पीएमपीच्या बसमध्ये खिडकीची सीट किती वेळ मोकळी राहते?), आणि येताना जास्तीची एनर्जी बऱ्याचदा एक्स-रे म्हणून बाहेर टाकतो. किती एनर्जी? दोन कक्षांमधला फरक असेल तेवढीच.

तांब्याचंच घ्या. सगळ्यात आतली के कक्षा, तिथून इलेक्ट्रॉन काढायला ८.९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (एनर्जी मोजायचं एकक) लागतात, वरच्या एल मधून ०.९३. वजा करा, ८.०५. मग तांबट आळीतला बंब असो नाहीतर पंख्यातली वायर, आकडा ८.०५च.

सोन्याची गंमत वेगळी. त्याची के कक्षा फोडायला ८०.७ लागतात आणि असल्या टेबलावरच्या मशीनची धाव साधारण ४०-५० पर्यंत, म्हणजे तिथे हातच पोचत नाही. मग एल वर भागवायचं. एल ११.९२, तिच्या वरची एम २.२१, फरक ९.७१. स्क्रीनवर तो उंच सुळका दिसतोय ना, तोच.

१९१३ मध्ये इंग्लंडात हेन्री मोझ्लीनं एकेक मूलद्रव्य घेऊन हे ठरावीक एनर्जीचे एक्स-रे मोजले आणि दाखवलं की आवर्तसारणीत अणूंचा क्रम वजनावर नाही, अणुक्रमांकावर लागतो, म्हणूनच कोबाल्ट वजनानं जास्त असूनही निकेलच्या आधी येतो. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय फक्त २७.

एक भानगड आहे पण. सोन्यातून हे एक्स-रे बाहेर येतात ते जेमतेम काही मायक्रॉन खोलीवरून, त्यामुळे मुलामा जाड असला की मशीन आरामात फसतं. म्हणून काका आता कानस काढतात, पाटलीच्या आतल्या बाजूला थोडं घासतात आणि परत खिडकीवर ठेवतात.

आजीचं लक्ष स्क्रीनकडे नाहीच, काउंटरवर सांडलेल्या चुऱ्याकडे आहे. "गुंजभर तरी गेलं असेल हो, कागदात बांधून द्या ते."