पावसासाठी चहाचे मग

ऐका जरा. टक... टक टक... टक.

हा पाऊस आहे बरं का. दोरीला चहाचे मग ओळीने टांगलेत आणि एक शाळकरी पोरगं लाकडी चमच्याने त्यांच्यावर हळूच मारतंय, आपल्या जलतरंगासारखंच काहीसं, फक्त यात पाणी नाही. आणि हे सगळं चाललंय एका ऑपेरात, म्हणजे गाण्यातूनच गोष्ट सांगणाऱ्या पाश्चात्त्य संगीत नाटकात.

ऑपेरा म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर, मखमली खुर्च्या, न कळणारी भाषा, तीन-तीन तास गाणारी मोठी माणसं. पोरांना तिथे नेलं तर दहाव्या मिनिटाला "घरी कधी जायचं" सुरू. इंग्लंडचे संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी यावर जो मार्ग काढला तो मला आजही सगळ्यात बरोबर वाटतो. त्यांनी मुलांना सरळ कामालाच लावलं.

1949 साल. सफोकच्या समुद्रकाठचं ऑल्डबरा गाव, तिथला छोटासा ज्युबिली हॉल. आधी एक नाटक, ज्यात काही मुलं आणि मोठी माणसं मिळून ऑपेरा कसा बसवतात ते दिसतं, आणि मग त्यांनी बसवलेला तो ऑपेरा, 'द लिटल स्वीप'. गोष्ट सॅमची. आठ वर्षांचा पोरगा, धुराडी साफ करायला विकलेला, तो धुराड्यातच अडकतो, मग त्या घरातली मुलं त्याला ओढून बाहेर काढतात, आंघोळ घालतात, खेळण्यांच्या कपाटात लपवतात आणि शेवटी ट्रंकेत घालून त्याची सुटका करतात.

पण खरी मजा खुर्च्यांमध्ये. प्रेक्षकांसाठी चार गाणी आहेत आणि ती कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाला हाताने ताल देणारा, आधीच सगळ्यांकडून बसवून घेतो, कीर्तनात बुवा चाल सांगतात आणि मग अख्खा मंडप म्हणतो ना, तसं. त्यातल्या रात्रीच्या गाण्यात तर हॉलचे चार गट पडतात, कुणी घुबड, कुणी बगळा, कुणी होला, कुणी चाफिंच नावाचा छोटा पक्षी. आता ज्याला घुबड व्हायचंय तो आपली पाळी चुकवेल का?

इटलीत कोमो शहरातली आस्लिको ही संस्था 1990 च्या दशकापासून 'ओपेरा दोमानी' चालवते, तिथे मुलं शाळेतच गाणी शिकतात, हातात धरायच्या वस्तू कागदा-पुठ्ठ्याच्या बनवतात आणि थिएटरात जाऊन आपापल्या जागेवरून गातात. कथा मोठ्यांच्याच ऑपेराची, फक्त आटोपशीर केलेली.

आता परत आपल्या मगांकडे.

18 जून 1958. ऑल्डबराजवळच ऑर्फर्डचं जुनं चर्च. ब्रिटन यांचा 'नोआज फ्लड', म्हणजे बायबलमधली नोआ आणि महापुराची गोष्ट: देव महापूर आणतो आणि नोआ मोठी नाव बांधून घरच्यांना आणि प्राण्यांच्या जोड्यांना वाचवतो. शब्द घेतले चेस्टर शहरातल्या जुन्या धार्मिक नाटकातून, आणि तिथे हा खेळ कुणाकडे असायचा माहितीये, डी नदीचं पाणी वाहून आणणाऱ्यांकडे! म्हणजे पखालीवाल्यांनीच प्रलय उभा करायचा. मला हे फार आवडतं.

यात नोआ, त्याची बायको आणि देवाचा आवाज एवढेच मोठे, बाकी बहुतेक सगळी पोरंच. डोक्यावर प्राण्यांचे मुखवटे घालून ती लोकांच्या मधून चालत येतात, बिगुल वाजतायत, एकेक कळप गात गात नावेत चढतोय. नोआची बायको मात्र मैत्रिणींना सोडून यायला तयारच नाही, शेवटी तिचे मुलगेच तिला उचलून आत नेतात.

ऑर्केस्ट्रातही मुलं. ज्यांना व्हायोलिन चांगलं येतं त्यांच्यासाठी वेगळा भाग, आणि जे नुकतेच शिकायला लागलेत त्यांच्यासाठी बराचसा मोकळ्या तारांवरचा, बोट दाबायची गरजच नाही. पण तो भाग काढला तर भोक पडतं हो, म्हणजे उगाच कौतुकापुरतं बसवलेलं नाहीये कुणाला! मगांची आयडिया ब्रिटन यांच्या सहाय्यक, संगीतकार इमोजेन होल्स्ट यांची, युद्धाच्या काळात त्या गावोगावच्या बायकांना तालवाद्यं शिकवायच्या, तिथली.

पहिला थेंब मगावर. मग वारा, लाटा, वीज, वादळ चढत जातं, आणि ऐन वादळात नावेतले लोक समुद्रावरच्या माणसांसाठीचं प्रार्थनागीत धरतात आणि चर्चमध्ये बसलेले सगळे त्यात सामील होतात. बघायला आलेले आई-बाबासुद्धा आता नावेत.

वादळ ओसरतं. मग पुन्हा टक... टक.

आणि इंद्रधनुष्य येतं तेव्हा पहिल्यांदाच हँडबेल वाजतात. गावातल्या युथ क्लबची पोरं या घंटा वाजवत होती, ते ब्रिटन यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी त्या घंटा थेट आकाशात नेऊन ठेवल्या. प्राणी जोडीजोडीने निघून जातात, शेवटी नोआ एकटाच उरतो, आणि घंटा अजून वाजतायत.