धोक्याची खूण वर सरकते तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. सांगलीत पावसाचा जोर वाढला की पहिली चौकशी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. अशी पातळी आपल्या अंगातही मोजली जाते, रक्ताच्या दाबाची, हृदयाच्या दर ठोक्याला. मानेत जबड्याखाली नाडी लागते त्या धमनीच्या भिंतीत आणि महाधमनीच्या कमानीत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणते आणि मेंदूच्या खोडाकडे, लंबमज्जेकडे, भराभर संदेश जातात.

तिथं पेशींची तीन ठाणी आहेत. पहिलं ठाणं संदेश घेतं आणि ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून दुसऱ्याला जागं करतं. दुसरं गाबा हे शांत करणारं रसायन सोडून तिसऱ्याला आवरतं. रक्तवाहिन्या आवळून धरण्याचा हुकूम या तिसऱ्याचा; ते गप्प झालं की वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. सगळं दोनचार सेकंदांत.

मग बीपी चढं राहतंच कसं? दाब बरेच दिवस वर राहिला की धोक्याची खूणच वर सरकते. पुलावरचा 45 चा आकडा पुसून कुणी तो वर रंगवावा, तसं. यंत्रणा चालूच असते, पण राखण करते चढ्या दाबाची.

यातलं बरंचसं उलगडलं ते उंदरांमुळे. जपानमधल्या क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये आनुवंशिक उच्च रक्तदाबाची उंदरांची जात जाहीर केली. या उंदराला भूल देऊन डोकं चौकटीत पक्कं बसवतात आणि काचेच्या अतिबारीक नळीनं तिसऱ्या ठाण्यात 50 ते 100 नॅनोलिटर औषध सोडतात. थेंबाच्या मानानं काहीच नाही! पण नळी अर्धा मिलिमीटर सरकली तर शेजारचंच ठाणं हाती लागतं. म्हणून औषधाबरोबर रंग सोडतात, नंतर मेंदूचे काप करून जागा तपासतात. तेवढंच मिठाचं पाणी सोडूनही पाहतात. नाहीतर परिणाम औषधाचा की नुसत्या द्रवाच्या दाबाचा, हे कळायचं नाही. भूल जास्त झाली तर प्रतिक्षेपच, म्हणजे दाब आपोआप आवरण्याची ही क्रियाच, मंदावते, तेही भान हवं.

अँजिओटेन्सिन या दाब चढवणाऱ्या रसायनाचे ग्राही, म्हणजे ते जिथं जाऊन बसतं त्या जागा, या ठाण्यात अडवल्या की बीपीवाल्या उंदराचा दाब उतरतो. निरोगी उंदरात फारसा फरक पडत नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: आजारी मेंदूत हा ग्राही जास्त जोर लावत असतो.

क्लोनिडिन ही बीपीची जुनी गोळीही याच भागात, पण दुसऱ्या ग्राहींवर काम करते. तोंड कोरडं पडतं, झोप येते. पण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती एकदम सोडली, तर आवरलेलं ठाणं उसळतं आणि एकदोन दिवसांत बीपी पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतं. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात. सोबत बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल, तर आधी ते हळूहळू थांबवतात, काही दिवस जाऊ देतात आणि मगच क्लोनिडिनला हात लावतात.