उत्सवात न दिसणारी जमीन

हा कित्तूरचा किल्ला, बेळगावातून धारवाडच्या रस्त्याला लागलं की तासाभरात येतो. दरवर्षी २३ ते २५ ऑक्टोबरला इथं उत्सव असतो, ज्योत, मिरवणूक, कुस्त्या, रात्री स्टेजवर राणी चन्नम्माचं नाटक, आणि आपल्या खानापूरकडची मराठी माणसंही गाड्या करून येतात. तलवार सगळ्यांना दिसते हो, पण भांडण पेटलं कशावरनं ते नीट कुणी सांगतच नाही.

१८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र वारला. त्यानं घेतलेलं दत्तक ईस्ट इंडिया कंपनीचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं मानलं नाही, उलट खजिन्याला सील ठोकून पहारा बसवला, म्हणजे घरातला माणूस गेलेला आणि तिजोरीवर परक्याची मोहर. २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्माच्या फौजेशी कंपनीची लढाई झाली, थॅकरे पडला. डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन आली आणि किल्ला गेला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, १८२९ मध्ये ती तिथंच वारली.

नाटकाचा पडदा बहुतेक इथंच पडतो. पण गावागावातल्या शेतसनदींचं काय झालं? शेतसनदी म्हणजे गावची राखण करायची, हाक आली की हत्यार घेऊन निघायचं, आणि त्याबदल्यात सनदेनं मिळालेली जमीन कसून घर चालवायचं. संगोळ्ळीचा रायण्णा असाच शेतसनदी. कंपनीनं त्याची काही जमीन काढून घेतली, उरलेलीवर जबर सारा, म्हणजे जमिनीचा कर, लावला, आणि असं झालेला तो एकटा नव्हता, म्हणून तर माणसं त्याच्यामागं गेली. १८३० च्या जानेवारीत त्यांनी खानापूरकडच्या बिडी गावची सरकारी कचेरी जाळली. कचेरीच का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कोणाची जमीन, किती सारा, सगळं तिथल्याच दप्तरात. २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला त्याला फाशी दिलं, आजही लोक तिथल्या वडाला नवसाचे पाळणे बांधतात.

मनापासून वाटतं, या जमिनीच्या गोष्टीवर एखादा कार्यक्रम बिडीत, नंदगडात व्हावा, कन्नड आणि मराठी दोन्हीतनं. सारा कसा ठरायचा, कुळकर्णी काय लिहायचा, घरातल्या बाया जमीन गेल्यावर काय करत असतील, यावर गावातल्याच पोरांनी नाटक करावं. आणि तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत सनदेचा, इनामाचा मोडी कागद असेल तर लॅमिनेशन अजिबात करू नका, आधी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.